जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेला माणूस : आगरकर खरंच नास्तिक होते का?

वसई : पुण्यातली सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. रस्त्यानं एक तिरडी चालली होती. पुढं मडकं धरलेला माणूस, मागं शंभरेक लोक, हरिनामाच्या जागी शिव्या. तिरडीवर मढं नव्हतं, गवताचा पुतळा होता. ज्याच्या नावानं तो पुतळा केला होता तो माणूस जिवंत होता आणि जवळच आपल्या घरात बसला होता. त्याच्या दारावरूनच ही यात्रा नेण्यात आली. त्या माणसाचं नाव गोपाळ गणेश आगरकर.

गुन्हा काय, तर हा माणूस नास्तिक आहे, धर्म बुडवायला निघालाय, असं लोकांचं म्हणणं. शाळेच्या पुस्तकात आजही आगरकर म्हटलं की समाजसुधारक आणि नास्तिक असे दोन शब्द जोडीनं येतात. यातला पहिला शब्द शंभर टक्के खरा. दुसरा मात्र जरा थांबून तपासायला हवा. आगरकरांनी देव नाही असं छातीठोक सांगितलं नाही. देव आहे की नाही, हे माणसाला कळण्यासारखं नाही, अशी त्यांची भूमिका होती. याला मराठीत अज्ञेयवाद म्हणतात. ज्ञेय म्हणजे जाणता येण्याजोगं, अज्ञेय म्हणजे जे जाणता येत नाही ते.

हा फरक पुस्तकातला वाटेल, पण तो रोजच्या जगण्यातला आहे. आपल्या वसई तालुक्यात एकाच रस्त्यावर चर्च, देऊळ, मशीद आणि विहार भेटतात. जीवदानीच्या पायऱ्या चढणारे आहेत, निर्मळच्या यात्रेला जाणारे आहेत, दर रविवारी मिस्साला न चुकता जाणारे आहेत. अशा ठिकाणी कुणी देव मानतोस का असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही यातलंच द्यावं लागतं. मला ठाऊक नाही, असं म्हणणारा पळपुटा ठरतो. हेच तिसरं उत्तर देऊन आगरकर आयुष्यभर ताठ उभे राहिले, म्हणून त्यांची गोष्ट पुन्हा सांगण्यासारखी आहे.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून

फरक समजायला एक साधं उदाहरण घेऊ. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तिघे जण उभे आहेत. समोर समुद्र, लांबवर पाणी आणि आभाळ एक झालंय. पहिला म्हणतो, त्या रेषेपलीकडं एक बोट आहे, माझ्या आज्यानं सांगितलंय. दुसरा म्हणतो, काही बोटबीट नाही, असती तर इतक्या वर्षांत कुणाला तरी दिसली असती. तिसरा म्हणतो, इथून तिथलं दिसत नाही, त्यामुळं आहे असंही म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही.

पहिला आस्तिक, दुसरा नास्तिक, तिसरा अज्ञेयवादी. आता चौथा माणूस येतो आणि म्हणतो, त्या बोटीतल्या मालकानं मला निरोप पाठवलाय, तुमच्या पोरीचं लग्न आठव्या वर्षी उरकून टाका. इथं तिसरा माणूस गप्प बसत नाही. बोट आहे की नाही हेच कुणाला दिसत नाही, मग तिथला निरोप तुझ्याकडं आला कसा, असं तो सरळ विचारतो. आगरकरांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

आणखी एक बारकावा आहे. नास्तिकपणा हा विश्वासाचा मामला आहे आणि अज्ञेयवाद हा माहितीचा. एखादा माणूस मला खात्रीनं ठाऊक नाही असं म्हणूनही देवपूजा न करता जगू शकतो. आगरकर तसेच जगले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यामुळं ते नास्तिकच वाटले. त्यांच्या लिहिण्याकडं पाहिलं तरच फरक कळतो.

टेंभूचा पोर

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घर ब्राह्मणाचं, पण दारिद्र्य असं की दोन वेळच्या जेवणाची भ्रांत. शिक्षणासाठी कराडला मामाच्या घरी राहिले. इंग्रजी तीन यत्ता झाल्या आणि शिक्षण थांबलं. मग कराडच्या कचेरीत उमेदवारी केली, काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. पुढं शिकायचं म्हणून हा पोर कराडहून पायी रत्नागिरीला गेला. मधे सह्याद्रीचा घाट. तिथंही सोय लागली नाही, परत यावं लागलं.

शेवटी नातेवाइकांच्या आधारानं अकोल्याला गेले. तिथं विष्णू मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले आणि त्यांनी या हुशार मुलाला हात दिला. १८७५ साली मॅट्रिक पास होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. शिष्यवृत्ती आणि निबंधाची बक्षिसं यावर खर्च भागवायचा. कॉलेजात असतानाच उंब्रजच्या फडके घराण्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. सासरी तिचं नाव यशोदा.

त्या काळी एम.ए. झालेला माणूस म्हणजे सरकारात मोठ्या पगाराची जागा ठरलेली. घरच्यांनी इतकी वर्षं त्याच आशेवर काढलेली. एम.ए.च्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं, की मोठा पगार आणि बंगला यांची वाट पाहू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी देईन. ज्या आईनं मुलासाठी इतकं सोसलं तिला हे लिहिणं सोपं नव्हतं. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि शब्द दिल्याप्रमाणं शाळामास्तर झाले.

टिळकांची मैत्री, डोंगरीचा तुरुंग

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळकांची आणि त्यांची गाठ पडली. सरकारी नोकरी न करता देशी माणसांनी चालवलेली शाळा काढायची, असं दोघांनी ठरवलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर एम.ए.चा अभ्यास संपवून त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. टिळकांचा ‘केसरी’ असं आपण सहज म्हणतो, पण पहिली सहा-सात वर्षं तो आगरकरांच्या हातात होता.

कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय, असा मजकूर या पत्रांत आला. कारभारी माधवराव बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांवर भरवसा ठेवून मजकूर छापला ती खोटी निघाली. माफी मागूनही शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली. खटला चालू असताना जामिनाची अडचण आली, तेव्हा महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी दहा हजारांची हमी भरली होती. फुले आणि चिपळूणकरांच्या गोटाचं मुळीच पटत नव्हतं, तरीही हे झालं.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. लहानशी कोठडी, हवा कमी, अंथरूण जेमतेम, आणि आगरकरांना दम्याची व्यथा. तिथंच त्यांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट मराठीत आणायचं काम केलं. ‘विकारविलसित’ या नावानं ते पुढं छापलं गेलं. तुरुंगातल्या दिवसांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. आणि रात्र-रात्र दोघे मित्र वाद घालत बसत. आधी स्वराज्य की आधी समाजाची सुधारणा? पुढं ज्या प्रश्नावर मैत्री तुटली, त्याची सुरुवात त्या कोठडीत झाली होती.

त्याच वर्षी सोपाऱ्यात

योगायोग असा, की त्याच १८८२ सालच्या एप्रिलमध्ये आपल्या नालासोपाऱ्यात एक मोठी गोष्ट घडली. गावकरी ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडाचं उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी केलं. आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडाची मोठी पेटी, तिच्यात बुद्धाच्या लहान मूर्ती, सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात त्यांना मिळाला.

आगरकरांचा या उत्खननाशी संबंध नाही. पण विषयाशी संबंध आहे. ज्या बुद्धाच्या नावानं हा स्तूप उभा राहिला, त्यानंही काही प्रश्नांची उत्तरं द्यायला नकार दिला होता. जग कायमचं आहे की नाही, त्याला शेवट आहे की नाही, शरीर आणि जीव एकच की वेगळे, असे प्रश्न विचारले की तो ते बाजूला ठेवी. बाण लागलेल्या माणसाची गोष्ट त्यानं त्यासाठीच सांगितली. बाण कुणी मारला, तो कुठल्या जातीचा, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असं म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. आधी बाण काढा. हा सरळसरळ अज्ञेयवाद नाही, पण वाट शेजारची आहे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तातही जग कसं झालं हे कोण जाणतो, अशी शंका शेवटपर्यंत उभी आहे. सांडोरच्या चर्चला ज्याचं नाव आहे त्या संत थॉमसची ओळखही, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा शिष्य अशीच आहे. म्हणजे खात्री नाही असं म्हणणं काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. आपल्या मातीत ते फार जुनं आहे.

नास्तिक हा शब्दसुद्धा जुना आहे, पण त्याचा जुना अर्थ वेगळा होता. शास्त्रांत वेदाचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्यामुळं चार्वाक, जैन आणि बौद्ध नास्तिकांत मोजले गेले. उलट ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन वेद मानतं म्हणून आस्तिकांत बसलं. आज आपण देव न मानणारा या अर्थानं नास्तिक म्हणतो. आगरकरांना शिव्या देणाऱ्यांच्या मनात हे दोन्ही अर्थ एकत्र कालवले गेले होते.

विलायतेतले दोन प्रकार

आगरकर घडले ते इंग्रजी पुस्तकांवर. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे त्यांचे आवडते लेखक. स्पेन्सरचं म्हणणं असं, की जगाच्या मुळाशी काय आहे ते माणसाच्या बुद्धीच्या टप्प्याबाहेर आहे. त्याच काळात, १८६९ साली, टॉमस हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञानं अ‍ॅग्नॉस्टिक हा नवा शब्द काढला. पुराव्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या बाजूला चार्ल्स ब्रॅडलॉ होता. हा उघड नास्तिक. पार्लमेंटात निवडून आला, पण देवाच्या नावानं शपथ घेण्यावरून त्याला जागेवर बसू देईनात. सहा वर्षं झगडून १८८६ साली तो बसला. हिंदुस्थानची बाजू मांडायचा, म्हणून १८८९ च्या मुंबई काँग्रेसला त्याला मोठ्या मानानं बोलावलं होतं. म्हणजे दोन्ही नमुने त्या काळच्या शिकलेल्या माणसांना चांगले माहीत होते. आगरकरांनी हक्स्ली-स्पेन्सरची वाट धरली.

महाराष्ट्रातही त्या वेळी देवाबद्दल चार मतं एकाच वेळी चालू होती. टिळकांचा ओढा परंपरेकडं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर प्रार्थना समाजातले, ते एका निराकार देवाची प्रार्थना करत. महात्मा फुल्यांनी भटशाही नाकारली, पण जग निर्माण करणारा निर्मिक मानला. आणि आगरकर म्हणत, की मूळ काय ते कळत नाही. रानड्यांबद्दल त्यांना आदर होता, समाजसुधारणेत दोघे एका बाजूचे, तरीही ईश्वर सिद्ध झाला असं मानायला आगरकर तयार झाले नाहीत.

कळत नाही, मग करायचं काय?

इथं बरेच जण चुकतात. कळत नाही म्हणणारा माणूस हात जोडून बसतो, असं लोकांना वाटतं. आगरकरांचं उलट होतं. जे कळत नाही ते बाजूला ठेवा आणि जे डोळ्यांपुढं आहे त्याचं काहीतरी करा, हा त्यांचा हट्ट.

डोळ्यांपुढं काय होतं? आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं. नवरा मेला की दहा-बारा वर्षांच्या विधवा पोरीचे केस न्हाव्याकडून काढायचे आणि तिला आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. मुलींना शाळा नाही. शिवाशिव. घरात कुणी मेलं की कर्ज काढून विधी. हे सगळं देवाच्या आणि शास्त्राच्या नावावर चाले. आगरकरांचा मुद्दा साधा होता. देव आहे असं धरून चाललं, तरी त्याला हेच हवंय हे कुणी पाहिलं? आणि नसेल, तर हे कुणासाठी चाललंय?

देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी आली, यावरही त्यांनी लिहिलं. रानटी अवस्थेतल्या माणसाला वीज, वादळ, रोगराई यांचं कारण कळत नव्हतं. स्वप्नात मेलेला बाप दिसला तर तो कुठंतरी जिवंत आहे असं वाटे. भीतीतून भुतं आली, भुतांतून पितर आणि पितरांतून देवता, असा हा हिशेब. आता हे वाचून कुणी म्हणेल, झाला की नास्तिक. पण लोकांनी कल्पिलेल्या देवता कशा तयार झाल्या हे सांगणं वेगळं, आणि जगाच्या मुळाशी काहीच नाही असं सांगणं वेगळं. पहिलं आगरकरांनी बेधडक केलं. दुसरं केलं नाही, कारण त्याला त्यांच्याकडं पुरावा नव्हता.

त्यांच्यावरचा मोठा आक्षेप असा, की देवाची भीती गेली तर लोक चांगले का वागतील? यावर त्यांचं उत्तर माणसाच्या सुखदुःखात होतं. ज्यानं जास्तीत जास्त माणसांचं दुःख कमी होतं ते चांगलं, ज्यानं वाढतं ते वाईट. हे ठरवायला पोथी लागत नाही, अनुभव आणि विचार लागतो. हा विचार मिलच्या वळणाचा होता. तो बरोबर की चूक यावर आजही वाद होऊ शकतो. पण आगरकरांनी तो मुलींच्या लग्नाला आणि विधवेच्या केसांना लावून दाखवला.

‘केसरी’ सोडला, ‘सुधारक’ काढला

हे असलं लिखाण ‘केसरी’त चालेना. टिळकांचं म्हणणं, आधी परकं राज्य घालवू, घरातली भांडणं मागून बघू, आणि परक्या सरकारनं आपल्या धर्मात कायदे करू नयेत. आगरकरांना थांबायचं नव्हतं. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचं ‘सुधारक’ पत्र काढलं. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली.

‘सुधारक’नं पुणं ढवळून काढलं. मुलींना मुलांसारखंच आणि मुलांबरोबरच शिकवा, असं आगरकर लिहीत. बायकांच्या कपड्यांवर लिहीत, पुरुषांच्या शेंडीवर लिहीत, मेल्यावरच्या विधींवर सडकून टीका करीत. भाषा धारदार, कधी कधी बोचरी. ज्यांची चेष्टा होई त्यांना ती जिव्हारी लागे.

मग संमतिवयाचा वाद आला. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचारानं मेली आणि देश हादरला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं बिल सरकारनं आणलं. आज बारा हा आकडा वाचूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा बारा करणं म्हणजेसुद्धा धर्मावर घाला, असं हजारो लोकांना वाटलं. टिळक बिलाच्या विरोधात, आगरकर बाजूनं. एकाच कोठडीत १०१ दिवस काढलेले दोन मित्र आपापल्या पत्रातून एकमेकांवर तुटून पडले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. सनातन्यांचा राग या अशा वादांतून पेटत गेला, आणि गवताच्या पुतळ्याच्या यात्रेपर्यंत पोचला.

घरातले देव

आगरकरांची खरी परीक्षा घरात होती. यशोदाबाई श्रद्धाळू. त्यांची पूजा, व्रतं, सोवळं चालू होतं. नवऱ्यावर बहिष्कार, लोकांचे टोमणे, आणि घरात पैशाची कायम ओढ, हे सगळं त्या माउलीनं सोसलं. त्या काळचा नवरा एका शब्दात बायकोचे देव बंद करू शकला असता. आगरकरांनी तसं केलं नाही. बायकोला स्वतःचं मत असू शकतं, ते समजावून बदललं तर ठीक, जबरदस्तीनं बदलू नये, हे ‘सुधारक’मधलं तत्त्व त्यांनी स्वतःच्या घरात पाळलं.

हे अज्ञेयवादाला धरूनच आहे. ज्याला स्वतःला शंभर टक्के खात्री नाही, त्यानं दुसऱ्याच्या गळ्यावर पाय देऊन आपलं म्हणणं का लादावं? विधवेचे केस जबरदस्तीनं काढणं आणि बायकोचे देव जबरदस्तीनं काढणं, या दोन्हींत जबरदस्ती सारखीच. पण याला दुसरी बाजूही आहे. आगरकर जे लिहीत त्याची किंमत यशोदाबाईंना मोजावी लागली, आणि तो मार्ग त्यांनी स्वतः निवडलेला नव्हता. सुधारकांच्या चरित्रात ही बाजू नेहमी दोन ओळींत उरकली जाते.

शेवटचे दिवस

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. आगरकर तिथं आधीपासून शिकवत होते. वामन शिवराम आपटे गेल्यावर १८९२ साली ते प्राचार्य झाले. सकाळी कॉलेज, संध्याकाळी ‘सुधारक’ आणि रात्री दमा, असा दिवस. विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर जीव होता. याच सुमारास कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न करून दाखवलं. आगरकर जे लिहीत ते कुणीतरी करू लागलं होतं.

शरीर मात्र साथ देईना. आजार बळावला तेव्हा टिळक भेटायला आले आणि जुने मित्र बोलले, अशी आठवण सांगितली जाते. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. एकोणचाळीस वर्षं पुरी व्हायला महिना कमी होता. त्यांच्या उशाशी एका पुडीत थोडे पैसे बांधून ठेवलेले सापडले, वर लिहिलं होतं की हे आपल्या अंत्यविधीसाठी, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. ज्याची खोटी प्रेतयात्रा लोकांनी काढली, त्यानं खऱ्या प्रेतयात्रेचा खर्चही कुणावर टाकला नाही. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, आणि तो सांगताना त्यांना रडू आवरत नव्हतं, असं म्हणतात.

मरणाच्या दारात गेल्यावर अनेकांना देव आठवतो. आगरकरांनी शेवटी मत बदलल्याची नोंद नाही. कळत नाही म्हणणारा माणूस तेच म्हणत गेला.

पुढचा मुक्काम, आणि आपण

आगरकरांनंतर महाराष्ट्रात उघड नास्तिकही झाले. धोंडो केशवांचे चिरंजीव रघुनाथ कर्वे हे त्यातलं ठळक नाव. देव नाही, हे ते न डगमगता सांगत. संततिनियमनाचं काम आणि १९२७ साली काढलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक यांपायी त्यांनी खटले सोसले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे आणि आगरकर यांची उत्तरं वेगळी होती, पण बाईच्या अंगावर तिचा हक्क आहे, इथं दोघे एक होते.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो व्हावा म्हणून झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. हा कायदा नीट वाचला तर त्यात देव आहे की नाही यावर एक शब्द नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करणं हा मात्र त्यात गुन्हा आहे. म्हणजे बोट दिसत नाही तोवर वाद नाही, पण तिच्या नावानं कुणाचा जीव घेऊ नका.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट लागू आहे. पावसाळा आला की पाड्यांवर सर्पदंश होतात. रात्रीची वेळ, रस्ता खराब, गाडी नाही, आणि भगत मात्र शेजारी. अशा वेळी घरातला एक म्हणतो भगताकडं चला, दुसरा म्हणतो देवबिव सगळं झूट. दोघे भांडत बसले तर विष चढतं. आगरकर तिथं असते तर त्यांनी देवाचा वाद सकाळवर ढकलला असता आणि आधी सरकारी दवाखान्याची वाट धरली असती. औषध लागू पडतं की नाही हे तपासता येतं. जे तपासता येतं त्यात माहीत नाही म्हणून चालत नाही.

१४ जुलैला टेंभूच्या या पोराची जयंती येते. त्या दिवशी शाळांत फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात आणि नास्तिक आगरकर असं एखादं पोर पाठ केलेलं बोलून जातं. गुरुजींनी त्या पोराला थांबवून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या तिघांची गोष्ट सांगावी. मग त्यातला आगरकर कोण, हे त्यालाच ओळखू द्यावं.